पाऱ्याची खाण आणि आईचे मणी



या पावसाळ्यात आमच्या घरी जुना थर्मामीटर फुटला. जमिनीवर चकचकीत गोळ्या पळू लागल्या. मी आणि धाकट्या भावाने त्या कागदावर गोळा केल्या, तळहातावर नाचवल्या आणि कपाटातल्या एका डबीत ठेवून दिल्या. त्या डबीत आईच्या मंगळसूत्राचे चार सोन्याचे मणी होते. पोत तुटली म्हणून तिने ते काढून ठेवले होते. मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी आईने डबी उघडली तर मणी पांढरे! आजी म्हणाली, "अगं बाई, सोन्याची चांदी झाली का काय?"

बाबा मणी घेऊन सोनारकाकांकडे गेले. ते म्हणाले, "पारा सोनं खातो. तापवला की उडून जाईल." पण बाबांनी आधी आमच्या बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "मुळीच तापवू नका. पारा उडतो म्हणजे नाहीसा होत नाही, घरातल्या हवेत मिसळतो आणि श्वासातून आत जातो." मग त्यांनी मला पुस्तक दिले आणि या पानासाठी लिहायला सांगितले.

युरोपात स्लोव्हेनिया नावाचा छोटा देश आहे. तिथे डोंगराच्या दरीत इद्रिया हे गाव आहे. (इद्रिया, इंद्रिय नव्हे. मी वर्गात चुकीचे वाचले आणि सगळे हसले.) असे सांगतात की 1490 मध्ये लाकडी बादल्या करणारा एक कारागीर तिथे झऱ्याखाली बादली भिजत ठेवून गेला. सकाळी बघतो तर तळाशी काहीतरी चमकते आहे आणि बादली उचलता उचलत नाही. तो पारा होता. एक लिटर पाणी एक किलो भरते, पण एक लिटर पारा 13.6 किलो भरतो. म्हणजे पाऱ्याने भरलेला तांब्या आमच्या वर्गातल्या कोणाला एका हाताने उचलता यायचा नाही.

आता तो पारा आला कुठून? सुमारे 24 कोटी वर्षांपूर्वी तिथे जमीन ताणली जाऊन भेगा पडत होत्या, ज्वालामुखी जागे होते. खोलवरून गरम पाणी भेगांतून वर येई आणि त्याबरोबर पारा येई. त्यातला बराचसा गंधकाशी जोडला जाऊन लाल दगड झाला. हाच हिंगूळ. आपल्याकडे जुन्या पोथ्यांत लाल अक्षरे हिंगुळाच्या शाईने लिहीत. शंभर किलो शुद्ध हिंगुळात सुमारे 86 किलो पारा असतो. थोडा पारा मात्र सुटाच राहिला आणि काळ्या पाटीसारख्या खडकात थेंबाथेंबाने अडकला. कारागिराला सापडला तो असला सुटा पारा.

आणखी एक गंमत. आपल्या काळ्या दगडाच्या डोंगरात जुना थर खाली आणि नवा वर असतो. इद्रियाला पुष्कळ ठिकाणी उलटे आहे. आल्प्स पर्वत तयार होताना खडक रेटले गेले, दुमडले आणि पालथे झाले. गोधडीची घडी घालताना खालचा पदर वर येतो, तसे. खाणकामगारांना जुना काळा खडक नव्या खडकाच्या डोक्यावर बसलेला दिसे.

कामगारांनी दगडांना आपली नावे ठेवली होती : पोलादी, काळजाच्या रंगाचा, विटेसारखा. एकाला पोवळ्याचा दगड म्हणत, कारण त्यात वाकड्या आकृत्या दिसत. त्या पोवळ्याच्या नसून जुन्या समुद्रातल्या शिंपल्यांच्या होत्या. पोलादी दगडात पारा सर्वांत जास्त.

1500 मध्ये अंतोनी नावाचा बोगदा खणायला सुरुवात झाली. पुढे खाण पंधरा मजले खाली गेली आणि बोगद्यांची लांबी 700 किलोमीटरच्या वर झाली. एवढ्या खोलीवर पाणी साचायचेच. ते उपसायला 1790 मध्ये लाकडाचे पाणचक्र बसवले. त्याचा व्यास 13.6 मीटर. पाऱ्याचा आकडा आणि चाकाचा आकडा एकच निघाला! हे मी स्वतः शोधले, पुस्तकात नव्हते. ते चाक 1948 पर्यंत चालले आणि आजही जागेवर आहे.

वर आणलेला दगड भट्टीत भाजत. हवेमुळे गंधकाचा वायू वेगळा होई आणि पाऱ्याची वाफ होई. ती वाफ थंड केली की पुन्हा थेंब. सोनारकाका म्हणाले तेच हे काम, फक्त भट्टी मोठी. पण सगळी वाफ काही थंड होऊन हाती येत नसे. कामगारांचे हात थरथरत, तोंडातून लाळ गळे, दात पडत, स्वभाव चिडका होई. जेवताना चमचा तोंडापर्यंत नेणे अवघड होई. स्कोपोली नावाचे डॉक्टर 1754 मध्ये तिथे आले. त्यांनी हे सगळे बघून 1761 च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवले.

एवढा पारा कोणाला हवा होता? अमेरिकेतल्या चांदीच्या खाणींना. पारा सोने खातो तशी चांदीही खातो. दगडाचा चुरा करून त्यात पारा कालवला की चांदी पाऱ्यात येते, मग पारा तापवून उडवायचा. स्पेनमध्ये अल्मादेन येथे याहूनही मोठी खाण होती. तिथे कैद्यांना आणि गुलामांना खाली उतरवत. हे वाचून मला आमची डबी आठवली आणि बरे वाटले नाही.

इद्रियातून एक लाख टनांहून जास्त पारा निघाला. जगात आजवर निघालेल्या पाऱ्याचा हा सुमारे आठवा हिस्सा. 1995 नंतर काम थांबले. गाव खाणीच्या डोक्यावरच वसलेले, त्यामुळे खाण नुसती टाकून देता येईना, जमीन खचली असती. म्हणून पोकळ्या भरून काढल्या आणि खालच्या मजल्यांत पाणी चढू दिले. अंतोनीच्या बोगद्यात आता पाहुणे डोक्यावर टोपी घालून जातात. 2012 मध्ये दोन्ही खाणी मिळून जागतिक वारसा झाल्या.

आमच्याकडून एक चूक झाली होती. आजीने उरलेल्या गोळ्या केरसुणीने झाडल्या. बाई म्हणाल्या, त्याने गोळ्यांचे बारीक कण होतात आणि वाफ जास्त निघते. खिडक्या उघडून, लहान मुलांना बाहेर पाठवून, दोन जाड कागदांनी गोळ्या ढकलत एकत्र करायच्या आणि झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवायच्या. आता आमचा पारा आणि चारही मणी तशा बाटलीत आहेत. बाबा तालुक्याला विचारून येणार आहेत.

आई सध्या नुसत्या काळ्या मण्यांची पोत घालते. ती मला रागावली नाही. पण भाऊ अजूनही अधूनमधून स्वतःचे हात पुढे धरून बघतो, थरथरतात का ते.