'थांबवणे' एक, इंग्रजी क्रियापदे अनेक



पाचवी-सहावीच्या मुलांची शब्दार्थाची वही उघडून बघा. स्टॉप म्हणजे थांबवणे, ब्लॉक म्हणजे थांबवणे, प्रिव्हेंट म्हणजे पण थांबवणे! अर्थ पाठ होतात, पण वाक्य करायची वेळ आली की मूल लिहितं, 'द रोड स्टॉप्ड.' त्याला म्हणायचं असतं, रस्ता बंद झाला. वाचणाऱ्याला मात्र वाटतं, रस्ता तिथंच संपला.

खरं तर या शब्दांमधला फरक आपल्या मुलांना आधीच माहीत असतो, फक्त मराठीतून. थांबणे, अडवणे, तुंबणे, खोळंबणे, आळा घालणे हे शब्द ती घरी रोज ऐकतात. तेव्हा प्रत्येक इंग्रजी क्रियापदाला त्याची जवळची मराठी जोडी देऊया.

१) स्टॉप – थांबणे, थांबवणे

मराठीत दोन रूपं, इंग्रजीत एकच. 'द बस स्टॉप्ड' म्हणजे एसटी थांबली. 'द कंडक्टर स्टॉप्ड द बस' म्हणजे कंडक्टरने एसटी थांबवली. इथं पुढे कर्म आहे की नाही, एवढं बघायला शिकवा.

आणखी एक जागा फार महत्त्वाची आहे. 'द ड्रायव्हर स्टॉप्ड टॉकिंग' म्हणजे ड्रायव्हरने बोलणं बंद केलं. 'द ड्रायव्हर स्टॉप्ड टु टॉक' म्हणजे तो बोलण्यासाठी थांबला. एका 'टु'ने अर्थ उलटा होतो. फळ्यावर दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी लिहा आणि मुलांना अभिनय करायला लावा.

२) ब्लॉक – अडवणे, तुंबणे

वाटेत काहीतरी येऊन पडतं आणि वाट बंद होते, तिथं ब्लॉक. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत महाबळेश्वर-पोलादपूर रस्त्यावर आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या. 'रॉक्स ब्लॉक्ड द रोड' किंवा 'द रोड वॉज ब्लॉक्ड.' गटार तुंबलं तरी 'द ड्रेन इज ब्लॉक्ड'. व्हॉट्सॲपवर नंबर ब्लॉक करणं मुलांना सांगावंच लागत नाही!

३) डॅम – बांध घालून अडवणे

डॅम हे नाम सगळ्यांना येतं, पण ते क्रियापदही आहे. पाटण तालुक्यात कोयना नदी अडवली आणि शिवसागर जलाशय तयार झाला. त्याची साठवणक्षमता 105.25 टीएमसी आहे. 'दे डॅम्ड द रिव्हर.' इथं रस्ता, बस, माणूस चालत नाही. वाहतं पाणीच लागतं.

४) चेक – आळा घालणे, वेग कमी करणे

मुलांना चेक म्हणजे वही तपासणं एवढंच वाटतं. मग 'चेक डॅम' म्हणजे काय? माण-खटाव, जत-आटपाडीकडच्या मुलांनी ओढ्यावरचे छोटे बंधारे पाहिलेले असतात. पावसाचं धावतं पाणी तिथं सावकाश होतं, थोडं साठतं, मुरतं आणि भरल्यावर वरून पुढं जातं. म्हणजे चेकमध्ये जोर पूर्ण थांबवण्यावर नाही, आवर घालण्यावर आहे.

५) होल्ड अप – खोळंबा करणे

सुट्टीच्या दिवशी खंबाटकी घाटात वाहतूक कोंडी झाली की 'वुई वेअर हेल्ड अप इन द घाट'. इथं आपण उशिरा का होईना, पोहोचतो. ब्लॉकमध्ये वाट बंद, होल्ड अपमध्ये वेळ जातो.

६) प्रिव्हेंट – होऊ न देणे

हे घडण्याच्या आधीचं. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट आहे. पूर चढू लागल्यावर त्याला स्टॉप करणं माणसाच्या हातात नसतं. पण लोकांना वेळेत हलवलं तर जीवितहानी प्रिव्हेंट करता येते. रचना लक्षात ठेवायची: प्रिव्हेंट, मग कोणाला, मग 'फ्रॉम', मग आयएनजी. 'द वॉल प्रिव्हेंटेड द वॉटर फ्रॉम एन्टरिंग द हाऊस.'

वर्गात काय करता येईल?

मुलांना तीन प्रश्न विचारायची सवय लावा. वाट बंद झाली की फक्त उशीर झाला? पूर्ण थांबलं की वेग कमी झाला? घडण्याआधी रोखलं की घडत असताना? मग मराठी वर्तमानपत्रातल्या पावसाच्या, घाटाच्या, धरणाच्या बातम्यांचे मथळे कापून आणा आणि प्रत्येकाला योग्य क्रियापद शोधायला सांगा. मूल चुकलं तर लगेच उत्तर देऊ नका, "नेमकं काय झालं ते मराठीत सांग बघू" असं म्हणा. बहुतेक वेळा उत्तर तिथंच सापडतं.

पालकांनो, इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहू नका. 'खोळंबा' आणि 'आळा' यांतला फरक तुम्ही मुलाला समजावून दिलात, तर आमचं अर्धं काम झालं. घरात चांगली मराठी बोलली जाणं हीच इंग्रजीच्या तासाची पूर्वतयारी आहे.