लिंटर गप्प आहे म्हणजे काय?

लिंटरने एकही तक्रार केली नाही, तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक तर कोड स्वच्छ आहे, किंवा तुमची कॉन्फिग फाइल त्याने वाचलेलीच नाही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. पायथनच्या एका प्रकल्पात दुसरा अर्थ आमच्या वाट्याला आला, आणि तो कळायला बराच उशीर झाला.

विखुरलेल्या सेटिंग्ज आवरायच्या म्हणून टीमने त्या सगळ्या ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’मध्ये नेल्या. ब्लॅक आणि पायटेस्ट ही फाइल वाचतात. फ्लेक-एट वाचत नाही; त्याला ‘सेटअप डॉट सीएफजी’, ‘टॉक्स डॉट आयएनआय’ किंवा ‘डॉट फ्लेक-एट’ लागते. टॉमलमध्ये त्याच्या नावाचा विभाग असला तरी तो तिकडे ढुंकून बघत नाही, आणि बघितलं नाही असं सांगतही नाही. ओळीच्या लांबीची आमची मर्यादा ७९ होती आणि फ्लेक-एटची मूळची मर्यादाही ७९च, त्यामुळे काही बिघडलेलं दिसेना. फंक्शनच्या गुंतागुंतीवर मात्र आम्ही १० ची मर्यादा घातली होती, आणि ही तपासणी सांगितल्याशिवाय सुरूच होत नाही. ती गुपचूप बंद पडली. सीआय हिरवंगार, आणि फंक्शनं फुगत चाललेली.

पुढे आमचा स्वतःचा छोटा लिंटर लिहायची वेळ आली, तेव्हा हे सगळं कामी आलं. कॉन्फिग खरंच वाचली जाते का हे तपासणाऱ्या टेस्ट तुम्ही लिहिणार असाल, तर आधी एवढं करा: टेस्टमधली किंमत डिफॉल्टपेक्षा वेगळी ठेवा. डिफॉल्ट ७९ आणि टेस्टच्या कॉन्फिगमध्येही ७९, तर फाइल वाचली काय, न वाचली काय, टेस्ट पासच होणार. ४० लिहा. मग ५० अक्षरांची एक ओळ द्या आणि कॉन्फिगशिवाय तक्रार येत नाही, कॉन्फिग ठेवल्यावर येते, हे दोन्ही तपासा. तेही पार्सरचं फंक्शन थेट बोलावून नव्हे, खरी कमांड चालवून. पार्सरच्या टेस्ट लिहायला सोप्या म्हणून सगळे त्याच लिहितात. घोटाळा बहुधा फाइल शोधण्यात असतो.

कारण बरेच लिंटर चालू फोल्डरपासून किंवा तपासायच्या फाइलच्या फोल्डरपासून वर चढत कॉन्फिग शोधतात. ईएसलिंटच्या जुन्या पद्धतीत वाटेत भेटलेल्या फाइली एकत्र केल्या जात, ‘रूट: ट्रू’ लिहिलेली फाइल भेटेपर्यंत. २०२४ मधल्या नवव्या आवृत्तीपासून ही साखळी डिफॉल्ट राहिली नाही, आणि बरंच झालं. रफ सर्वांत जवळची फाइल धरतो; वरची हवी असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. तुमचं साधनही असं वर चढत असेल, तर टेस्टचं तात्पुरतं फोल्डर रिपॉझिटरीच्या आत ठेवू नका. नाहीतर ‘इथे कॉन्फिग नाही’ असं गृहीत धरणाऱ्या टेस्टला तुमच्याच प्रकल्पाची कॉन्फिग सापडेल. होम फोल्डरही बदला, कारण तिथे कोणी काय ठेवलंय याचा नेम नसतो. विंडोजवर इथे एक खोच आहे: पायथन ३.८ पासून होम फोल्डर शोधताना ‘होम’ व्हेरिएबल बघितलंच जात नाही, ‘यूझरप्रोफाइल’ बघितलं जातं. दोन्ही बदललेली बरी.

एक्झिट कोडकडे लोकांचं लक्ष कमी जातं. कोडमध्ये चुका सापडल्या तर ईएसलिंट १ देतो, कॉन्फिगच बिघडलेली असेल तर २. हे उचलण्यासारखं आहे. टेस्टमध्ये ‘शून्य नाही’ एवढंच बघितलंत, तर कॉन्फिग वाचताना कोसळलेला लिंटरही पास होऊन जातो.

अनोळखी सेटिंगवरून मात्र आमच्यात वाद झाला. नुसता इशारा द्यावा की सरळ थांबावं? जुन्या आवृत्तीला नवी सेटिंग कळणार नाही आणि ती उगाच अडेल, हा आक्षेप खोटा नव्हता. पण त्याला आवृत्ती पक्की करून ठेवणं हा उपाय आहे. सीआयच्या लॉगमधला इशारा वाचायला कोणाला लावणार? शेवटी थांबायचं ठरलं. त्याची टेस्ट लहानशीच आहे: सेटिंगच्या नावातलं एक अक्षर बिघडवायचं आणि कोड २ येतो का, संदेशात फाइलचा पूर्ण पाथ आणि ते चुकलेलं नाव दोन्ही आहेत का, ते बघायचं.