योद्धा ठेवू की हीलर काढू?

प्रश्न : ऑनलाइन गेममध्ये वर्षभर एकच योद्धा वाढवला. आता गटातले मित्र म्हणतात, हीलर (सोबत्यांना बरं करणारा) हवा. नवं पात्र काढू का?
– एक वाचक, पेडगाव (जि. परभणी)

उत्तर : गेम कोणता, ते तुम्ही लिहिलं नाही आणि सगळं त्यावरच अडलंय. ‘फायनल फँटसी १४’मध्ये एकच पात्र हत्यार बदलून योद्धाही होतं, हीलरही. मोबाइलवरच्या ‘अल्बियन ऑनलाइन’मध्येही अंगावर जे चढवाल तीच भूमिका, शिवाय प्रीमियम पात्रागणिक वेगळं, म्हणजे ऑल्ट (दुसरं पात्र) खिशाला जड.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चं निराळं. तिथे पात्राचा वर्ग बदलता येत नाही; हीलर हवा तर प्रीस्ट किंवा ड्रुइडसारखं नवं पात्र काढावं लागतं. २०२४ मध्ये ‘वॉरबँड’ आल्यापासून खात्यातल्या पात्रांना सामाईक बँक मिळाली, बरीचशी रेप्युटेशनही एकत्र झाली. तरी रेडमध्ये (मोठ्या गटमोहिमेत) मिळणारी बहुतेक सामग्री ज्याची त्यालाच.

नवं पात्र काढलंत, तरी दोन्ही पात्रं बरोबरीने पळवायचा हट्ट मात्र नको. कामधंदा सांभाळून ते जमत नाही. मित्रांना हीलर कायमचा हवाय की अडल्यापुरता, हे आधी स्पष्ट विचारा. मग थोड्या साध्या डंजनमध्ये हीलर खेळून बघा. शत्रू सोडून सोबत्यांच्या हेल्थबारकडे डोळे लावून बसणं पुष्कळ योद्ध्यांना मानवत नाही.