सर्वांसाठी एकच पंगत
(युवक-युवतींसाठी अभ्यासपाठ)

वाचन : प्रेषितांची कृत्ये ६:१-७ आणि ८:२६-४०



वैतरणा स्थानकावरून पालघर-बोईसरकडे जाणाऱ्या गाडीच्या एका डब्यात किती बोली ऐकू येतात, हे कधी मोजले आहे का? वाडवळी, कोळी, वारली, गुजराती, हिंदी, भोजपुरी! तारापूरच्या कारखान्यात पाळीवर निघालेला ओडिशाचा तरुण, वीटभट्टीच्या कामाला चाललेले आदिवासी कुटुंब, मासळीची पाटी घेतलेली मावशी आणि कॉलेजला जाणारे तुम्ही, सारे एकाच बाकावर बसतात. रोजचा प्रवास एकत्र होतो, पण ओळख होत नाही.

ही अनोळख साधी गोष्ट नाही. आपल्याच जिल्ह्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी मुले चोरणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधूंना आणि त्यांच्या वाहनचालकाला ठार मारले. अनोळखी माणूस म्हणजे शत्रू, असे एकदा मनाने घेतले की अफवा खरी वाटू लागते. म्हणून 'परका' या शब्दाचा विचार आपण मंदिरातच नव्हे, तर घरात, वाडीत आणि मोबाईल हाती असतानाही केला पाहिजे.

पहिल्या ख्रिस्तसभेतील तक्रार

पहिली ख्रिस्तसभा म्हणजे एकदिलाने राहणारे लोक, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. पण संत लूक एक अडचणही लपवून ठेवत नाही. यरुशलेममध्ये रोज गरजूंना अन्न वाटले जात असे. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले. कुणी मुद्दाम केले, असे लूक म्हणत नाही. वाढणारे एका भाषेचे, बसणारे दुसऱ्या भाषेचे. जवळच्याच्या पानात आधी वाढले जाते, हा अनुभव आपल्या लग्नाच्या पंगतीतही येतो.

प्रेषितांनी काय केले? त्यांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवले नाही आणि नुसता उपदेशही केला नाही. सर्वांना बोलावून चांगल्या नावाचे, पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असे सात पुरुष निवडण्यास सांगितले. त्या सातांची नावे नीट वाचा : स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सारी नावे ग्रीक आहेत! ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाढप आले. त्यांना फक्त पान मिळाले नाही, जबाबदारी मिळाली.

याच सातांपैकी फिलिप पुढे आठव्या अध्यायात भेटतो. रथात बसून यशया वाचणाऱ्या इथिओपियाच्या अधिकाऱ्याजवळ तो धावत जातो. आधी विचारतो, वाचता ते समजते का? मग त्याच्या शेजारी बसतो. जवळ जाणे, विचारणे आणि शेजारी बसणे : आजच्या पाठाचे हे तीन धडे आहेत.

कोसबाडची कुरणशाळा

अशीच वाट आपल्या जिल्ह्यात दोन थोर स्त्रियांनी दाखवली. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुले शाळेत येत नसत. त्यांना शिकायचे नाही, असे म्हणून या दोघी थांबल्या नाहीत. त्यांनी पाहिले की मुलगा गुरे राखायला जातो आणि मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरते. मग शाळाच गुरांच्या मागे कुरणावर गेली. ती कुरणशाळा. भावंडांसाठी पाळणाघर आणि बालवाडी शाळेच्या जोडीला आली. पाने, बिया, शंख-शिंपले हेच शिक्षणाचे साहित्य झाले.

यातून आपण काय शिकावे? एखादा आपल्यात येत नसेल, तर दोष त्याचाच असे नाही. आपली वेळ, आपली भाषा, आपली पायरी त्याला आड येत असेल.

पाहा, पारखा, करा

अशी नजर उपजत येत नाही, तिला सवय लावावी लागते. बेल्जियममधील धर्मगुरू जोसेफ कार्डाइन हे कामगाराचे पुत्र. सेमिनरीतून सुट्टीला घरी आले, तेव्हा कारखान्यात जाणारे बालमित्र त्यांच्याकडे परक्यासारखे पाहू लागले. ही दरी त्यांच्या मनाला लागली. १९२५ साली त्यांनी तरुण कामगारांची ख्रिस्ती चळवळ उभी केली आणि तरुणांना तीन पायऱ्या दिल्या : पाहा, पारखा, करा. पोप जॉन तेविसावे यांनी १९६१ च्या आपल्या परिपत्रकात या पद्धतीची शिफारस केली. आपल्या युवकांनी ती चार रविवार वापरून पाहावी.

पहिला रविवार, पाहा. मिस्सा सुटल्यावर कोण कुणाशी न बोलता निघून जातो? पायऱ्या चढणे कुणाला कठीण जाते? वाचन, गायन आणि वेदीसेवा यांत कोणत्या पाड्याचे, कोणत्या भाषेचे कुणीच नसते? नावे न घेता टिपून ठेवा.

दुसरा रविवार, पारखा. गटाने आजचे वाचन पुन्हा वाचा. आपल्या घरात 'बाहेरचा', 'आपल्यातला नाही' हे शब्द कधी निघतात? सामवेदी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन, आदिवासी हे भेद सोयरिकीची बोलणी निघाली की किती तीव्र होतात? पालकांनीही या चर्चेत बसावे.

तिसरा रविवार, करा. एकच छोटे काम ठरवा. रात्रपाळी करून आलेल्या कामगार बांधवाला कोणत्या वेळी मिस्सेला येणे जमेल, हे त्यालाच विचारा. पाड्यावरील मुलांना अभ्यासात सोबत हवी असेल, तर आधी त्यांच्या आईवडिलांशी बोला. दोघे-तिघे मिळून जा, घरी सांगून जा. ज्यांचा धर्म वेगळा आहे त्यांच्याशी निर्मळ मैत्री करा. मैत्री हे आमिष नव्हे. आणि कुणा समाजाविषयी भीती पसरवणारा निरोप मोबाईलवर आला, तर तो पुढे पाठवू नका.

चौथा रविवार, जबाबदारी द्या. जो आजवर मागे उभा होता त्याच्याकडे एक काम सोपवा : पहिले वाचन, एखादे गीत, सणाच्या तयारीची एक बाजू. तो चुकला तर हसू नका, सोबत राहा. प्रेषितांनी सातांवर हात ठेवून प्रार्थना केली, ती याचसाठी.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या धर्मग्रामाच्या पंगतीत आज कुणाचे पान वाढायचे राहिले आहे?
२. मदत करणे आणि जबाबदारी देणे यांत काय फरक आहे?
३. आपली कोणती सवय दुसऱ्याला दूर ठेवते? ती या महिन्यात बदलता येईल का?

प्रार्थना : हे प्रभो येशू, विहिरीपाशी शमरोनी स्त्रीकडे तू स्वतःहून पाणी मागितलेस. आम्हांलाही दुसऱ्याकडून घेण्याची नम्रता दे, त्याच्या शेजारी बसण्याचे धैर्य दे आणि तुझ्या पंगतीत कुणालाही उपाशी न ठेवणारे हात दे. आमेन.