बेकारी कोठे, दारिद्र्य कोठे?

'बेकारी वाढली की दारिद्र्य वाढते' हे वाक्य आपण निबंधांतून इतक्या वेळा लिहितो, की ते तपासून पाहावे असे कोणास वाटतच नाही. ज्यास काम नाही त्यास वेतन नाही, आणि ज्यास वेतन नाही तो दरिद्री, हा तर्क वरवर पाहता निर्दोष दिसतो. परंतु भारताच्या नकाशावर तोच तर्क लावून पाहिला म्हणजे तो चक्क उलटा पडतो. ज्या प्रांतांत दारिद्र्य कमी तेथे बेकारी अधिक, आणि ज्या प्रांतांत घरोघरी दारिद्र्य तेथे बेकार मनुष्य शोधूनही सापडत नाही, असे चमत्कारिक चित्र तेथे दिसते. हा चमत्कार कसा घडतो, आणि आपल्या नगरहवेलीशी त्याचा काय संबंध आहे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम आकडे पाहू. दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण नियोजन मंडळाने शेवटचे काढले ते २०११-१२ सालचे. त्यात शंभर माणसांमागे दरिद्री माणसे गोव्यात सुमारे ५, केरळात ७, मध्य प्रदेशात ३२ आणि झारखंडात ३७ निघाली. साऱ्या देशाची सरासरी २२ होती. आता याच चार राज्यांतील बेकारी पाहा. सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीत काम करणाऱ्या व काम मागणाऱ्या शंभर माणसांमागे बेकार निघाले ते गोव्यात ८.५, केरळात ७.२, झारखंडात १.३ आणि मध्य प्रदेशात १. देशाची सरासरी ३.२. दोन्ही मोजण्यांच्या मध्ये बारा वर्षे गेली आहेत हे खरे. पण गोवा आणि केरळ यांचे बेकारीतील वरचे स्थान त्यापूर्वीच्या पाहण्यांतूनही असेच दिसते. तेव्हा हा एका वर्षाचा योगायोग नव्हे.

आणि आपला प्रदेश? २०११-१२ च्या त्याच हिशेबात दादरा-नगरहवेलीत शंभरांमागे ३९ माणसे दारिद्र्यरेषेखाली होती. त्या वर्षी साऱ्या देशात आपल्याहून वर एक छत्तीसगडच होते, तेही जेमतेम. हा आकडा फोडून पाहिला तर अधिकच विचारात पाडतो. शहरी भागात १५.३८, ग्रामीण भागात ६२.५९! ग्रामीण दारिद्र्याचे एवढे प्रमाण त्या वर्षी भारतात दुसऱ्या कोणत्याही राज्यात वा केंद्रशासित प्रदेशात नव्हते. एवढ्याशा प्रदेशात पाहणीसाठी निवडलेली घरे थोडी असतात, म्हणून दशांश चिन्हापुढील अंकांवर कोणी फार विसंबू नये. परंतु साठ आणि पंधरा यांमधील दरी काही दशांशाची नव्हे. पुढे नीती आयोगाने २०२१ साली पोषण, शिक्षण व राहणीमान यांवरून वेगळे माप काढले, त्यातही दादरा-नगरहवेलीचा आकडा (शंभरांमागे २७) केंद्रशासित प्रदेशांत सर्वांत मोठा होता. ती माहिती २०१५-१६ सालची होती.

आता बेकार कोणास म्हणतात ते पाहिले पाहिजे, कारण सारी मेख तेथेच आहे. पाहणीचा अधिकारी घरी येतो तो 'तू गरीब आहेस काय' असे विचारीत नाही. काम केलेस काय, आणि केले नसल्यास काम शोधीत होतास काय, असे तो विचारतो. काम नाही पण शोधतो आहे, तो बेकार. जो शोधीतही नाही तो श्रमबलाच्या बाहेर. त्याची गणनाच नाही. शिवाय सर्वसाधारण स्थितीच्या हिशेबात वर्षातून निदान तीस दिवस दुय्यम म्हणून का होईना काम केलेला मनुष्य 'कामावर असलेला' धरला जातो. त्याला किती मजुरी मिळाली, उरलेले अकरा महिने त्याने काय खाल्ले, हा प्रश्न या रकान्यात येत नाही. तो दुसऱ्या पाहणीचा विषय.

आता खानवेलच्या पलीकडील डोंगरपट्टीतील, मांदोणी किंवा सिंदोणीकडील एखादे वारली अथवा कोकणा कुटुंब डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्यात राब भाजणे, पावसाळ्यात भाताची आवणी, वरकस जमिनीत नागली आणि वरी. आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागतो, तेव्हा खावटी काढावी लागते. दसऱ्याच्या सुमारास भात घरी येते, त्यातले बरेचसे खावटी फेडण्यात जाते. दिवाळी झाली की उचल घेऊन कोणी वीटभट्टीवर, कोणी इमारतीच्या कामावर, कोणी वापीकडे कारखान्यात मुकादमाच्या हाताखाली. होळीला घरी यावे, पुन्हा जावे, आणि मृगाच्या आधी परत येऊन राबास लागावे. या कुटुंबात बेकार कोण? कोणीही नाही. आजी सरपण आणते, आई लावणीस जाते, चौदा वर्षांचा मुलगा शाळा सोडून भावाबरोबर जातो. सारे कामावर. आणि तरीही वर्षअखेरीस हाती काय, तर पुढच्या वर्षाची उचल.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात यास दोन नावे आहेत. वर्षातील काही महिनेच काम असते तेव्हा ती हंगामी बेकारी. आणि अर्धा एकर भाताला दोन माणसे पुरत असता घरची पाच माणसे त्यावर राबतात, तेव्हा ती छुपी बेकारी. त्यांतील तीन काढून घेतली तरी भात तेवढेच पिकते. ही बेकारी अंगावर कामाचे वस्त्र पांघरून असते म्हणून मोजणाऱ्यास दिसत नाही. खरे सांगावयाचे तर दरिद्री मनुष्यास बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर त्याला आजच्या आज धरावे लागते.

उलट गोव्याकडे पाहा. माझी मातृभाषा कोंकणी, म्हणून तिकडचे थोडे जवळून ठाऊक आहे. तेथील पदवीधर मुलगा नोकरीसाठी दोन-दोन वर्षे वाट पाहतो. बापाचे निवृत्तिवेतन असते, मामा आखातात असतो, घराभोवती माड असतात. त्याचे घर त्याला तेवढे थांबू देते. आमच्या कोंकणीत 'राव' म्हणजे थांब, आणि मराठीत 'राब' म्हणजे कष्ट कर. एका अक्षराचे अंतर, पण दोन प्रदेशांतील अंतर त्यात पुरते सामावले आहे. सुशिक्षित बेकारी हे दुःख नाही असे मी म्हणत नाही. ते खरेच दुःख आहे, पण ते निराळे दुःख आहे आणि त्यावरचा उपायही निराळा. (गोव्याच्या सरासरीआड तेथील गावडा, वेळीप आणि कुणबी यांचे पाडे झाकले जातात, हेही येथेच सांगून ठेवतो.)

गोवा आणि नगरहवेली या दोहोंवर राज्य एकाच पोर्तुगीज सरकारचे होते. नगरहवेली पेशव्यांकडून त्यांच्या हाती आली ती १७८३ साली. ती मुक्त झाली १९५४ साली आणि भारतात विलीन झाली ११ ऑगस्ट १९६१ रोजी. गोवा त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुक्त झाला. मग वाटा इतक्या वेगळ्या का झाल्या? पहिले कारण जमीन. पोर्तुगीजांनी येथे 'आल्वारा' नावाची जमीनधारणा चालविली. जमिनीचे पट्टे बहुतांशी बाहेरच्या सधन मंडळींच्या नावे झाले आणि पिढ्यान् पिढ्या रान साफ करणारा आदिवासी त्याच जमिनीवर कूळ किंवा मजूर झाला. ती पद्धत मोडण्यास १९७१ चा जमीन सुधारणा कायदा यावा लागला. दुसरे कारण शिक्षण. १९६१ च्या जनगणनेत येथे शंभरांत दहा माणसेही साक्षर नव्हती. गोव्यातील गरीब माणूस मात्र फार पूर्वीच घराबाहेर पडला होता. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गोव्याच्या गावागावांच्या 'कुडी' होत्या. गावचा तारवटी बोटीवर चढण्यापूर्वी तेथे उतरे आणि त्याची मनीऑर्डर गावी जाई. म्हणजे गोव्यानेही आपले दारिद्र्य बाहेर पाठविले. पण ते अक्षरओळख आणि हुन्नर बरोबर देऊन पाठविले. आपला वारली तरुण बाहेर पडला तो केवळ हातपाय घेऊन.

येथे कोणी म्हणेल, आता तर सिल्वासात कारखान्यांची रांग लागली आहे. हे अगदी खरे. १९६५ साली पिपरियास सहकारी औद्योगिक वसाहत निघाली; पुढे मसाट आणि खडोली येथे सरकारी वसाहती झाल्या; करांच्या सवलतींमुळे पॉलिएस्टर धाग्याचे, प्लॅस्टिकचे, रसायनांचे कारखाने धावत आले. १९६१ साली ५७,९६३ असलेली लोकसंख्या २०११ साली ३,४३,७०९ झाली. पन्नास वर्षांत सहापट! परंतु वाढलेले हे लोक कोण? १९७१ साली येथे शंभरांत सुमारे ८७ आदिवासी होते, २०११ साली ५२. आदिवासी घटले नाहीत, बाहेरून कामगार आले. यंत्र चालविणारा, हिशेब ठेवणारा, रंगाचे प्रमाण जाणणारा माणूस कारखानदारास पहिल्या दिवसापासून तयार हवा असतो. तो उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून मिळाला. स्थानिक माणसाच्या वाट्यास बहुधा ठेकेदाराकडची हमाली आली. कारखाना दहा कोसांवर आला, पण त्याच्या दारापर्यंतची वाट शाळेतून जात होती आणि ती वाट येथे उशिरा बांधली गेली. करसवलत उद्योग आणू शकते. तो उद्योग कोणास कामावर घेईल, हे तिच्या हाती नसते.

आपल्या सीमेला लागून असलेल्या महाराष्ट्रातही असेच घडले आहे. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, आरोग्य इत्यादी बाबतींत राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता जिल्हा किती मागे आहे हे मोजून तिने १९८४ साली अनुशेषाची रक्कम मांडली, ती ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक. काम मोठेच होते. पण मोजमाप जिल्ह्याचे होते, आणि जव्हार-मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. ठाणे-कल्याणच्या कारखान्यांशी त्यांची सरासरी काढली की जव्हार कसे दिसणार? १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला. मुंबईपासून ते ठिकाण दीडशे किलोमीटरांच्या आसपास! पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली.

महाराष्ट्रानेच या रोगावर एक औषधही शोधले होते, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली तिच्याच धर्तीवर देशाचा कायदा आला. तिचे मर्म असे, की मनुष्य बेकार आहे काय हे सरकारने ठरवावयाचे नाही. जो काम मागेल त्यास द्यावयाचे. छुपी बेकारी उघडी पाडण्याची याहून सोपी युक्ती मला ठाऊक नाही. अर्थात् मागणी लिहून द्यावी लागते, आणि मजुरी वेळेवर मिळावी लागते.

२६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगरहवेली आणि दमण-दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. २०११-१२ मध्ये दमण-दीवचे दारिद्र्य शंभरांमागे १० च्या आसपास होते, आपले ३९. यापुढे दोघांची सरासरी एकत्र छापली जाईल, आणि ती पाहून आपण पुष्कळ सुधारलो असे वाटेल. सुधारणा झालीही असेल. परंतु ती मांदोणीत किती आणि मोटी दमणात किती, हे त्या एका आकड्यावरून समजणार नाही. ते आपल्यालाच मोजावे लागेल.

म्हणून दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुट्टीतील अभ्यास देतो. वहीत बारा महिन्यांचे बारा रकाने पाडा. आपल्या पाड्यावरील दहा घरे घ्या आणि प्रत्येक मोठ्या माणसास कोणत्या महिन्यात किती दिवस काम मिळाले, कोठे मिळाले आणि मजुरी रोख की उचलीत वळती, ते विचारून लिहा. 'बेकार आहात काय' असे कोणास विचारू नका. मामा-मावशींना ते अपमानाचे वाटेल आणि उत्तरही चुकीचे मिळेल. जी घरे दिवाळीनंतर कुलूपबंद असतात ती वगळू नका. शेजाऱ्यांकडून विचारून त्यांच्या नावापुढे, ती कोणत्या गावी गेली आहेत ते लिहा.