बिनतारी माइकची वारंवारता कशी निवडावी?

प्रवासात लोकगीते, मुलाखती किंवा जत्रेतील आवाज टिपण्याची आवड आज पुष्कळ विद्यार्थ्यांना लागली आहे. सदऱ्याला लावायचा छोटा बिनतारी माइक आता कोणत्याही शहरात मिळतो. तो घेताना आपण किंमत पाहतो, बॅटरी पाहतो. परंतु तो कोणत्या वारंवारतेवर, म्हणजे फ्रीक्वेन्सीवर चालतो, हे क्वचितच विचारतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असून पदार्थविज्ञान शाळेपुरतेच शिकलो आहे. तरीही आदिलाबाद जिल्ह्यातील ध्वनिमुद्रणाची तयारी करताना या विषयाचा जो थोडाफार अभ्यास झाला, तो माझ्यासारख्याच वाचकांसाठी येथे मांडत आहे.

आदिलाबादच का, असे कोणी विचारील. पैनगंगेपलीकडचा हा जिल्हा तेलुगु, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषांचा आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत त्याचे किनवट व राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्याकडे, म्हणजे आजच्या महाराष्ट्राकडे आले. उरलेला जिल्हा आंध्रात गेला व २०१४ पासून तेलंगणात आहे. दर वर्षी पौष अमावास्येच्या रात्री इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूर येथे नागोबाची जत्रा सुरू होते. मेसराम कुळातील गोंड मंडळी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात आणि त्या पाण्याने देवाची महापूजा होते. गोंडांचे भाट म्हणजे परधान. १९४० च्या दशकात या भागात राहून अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी लिहून ठेवले आहे, की येथील परधानांची घरची भाषा मराठी. पण कुळकथा ते गोंडीतून गातात. साथीला किकरी हे तंतुवाद्य असते. अशा गायनात माइकचा आवाज मध्येच तुटला, तर तो शब्द कायमचा गेला. पूजा चालू असताना ‘पुन्हा म्हणा’ असे कोणाला सांगता येत नाही. म्हणून वारंवारतेचा विचार घरून निघतानाच करावा लागतो.

पहिला विचार कायद्याचा. आपल्या अंकात मराठी व कन्नड विभाग एकाच पुठ्ठ्यात सुखाने नांदतात, कारण कोणाची पाने कोणती हे आधीच ठरलेले असते. हवेतील लहरींचेही तसेच आहे. आकाशवाणी, मोबाइल, पोलिसांचे वायरलेस यांना आपापली पाने वाटून दिलेली आहेत. हे वाटप केंद्राच्या दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन ही शाखा पाहते. ठरावीक शक्तीच्या आत राहिल्यास ८६५ ते ८६८ आणि २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतात. ४७० ते ७०० मेगाहर्ट्‌झच्या दरम्यान चालणारे व्यावसायिक संच उत्तम असतात. पण ते वापरण्यापूर्वी परवान्याची चौकशी करणे आपले कर्तव्य आहे.

परदेशातील नातेवाइकाने आणलेला संच येथे चालेलच असे नाही. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झ हा मोकळा पट्टा आहे. भारतात ८९० ते ९१५ वर मोबाइल फोन आपल्या मनोऱ्याशी बोलतात. ब्रिटनमध्ये ८६३ ते ८६५ वर माइक विनापरवाना चालतो. आपला मोकळा पट्टा ८६५ च्या पुढे सुरू होतो. ७०० च्या पट्ट्यातील जुने माइक कोणी स्वस्तात देऊ लागल्यास तेही घेऊ नयेत, कारण २०२२ च्या लिलावानंतर तेथे मोबाइलची ५ जी सेवा आली आहे. सारांश, वारंवारता ही नुसती माइकची बाब नसून जागेची बाब आहे.

दुसरा विचार शेजाऱ्यांचा. २४०० मेगाहर्ट्‌झचे माइक सोयीचे असतात आणि बहुधा स्वतःच मोकळी जागा शोधतात. परंतु वाय-फाय व ब्लूटूथही याच पट्ट्यात असतात. रिकाम्या गावात दूरवर पोहोचणारा माइक जत्रेतील हजारो मोबाइलांच्या गर्दीत थोड्याच पावलांवर अडखळू शकतो. शिवाय या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते आणि माणसाच्या शरीरातील पाणी त्या शोषून घेते. गायकाने पाठ फिरवली की अडथळा आलाच. म्हणून रिसीव्हर जवळ आणि नजरेच्या टप्प्यात ठेवावा. वारंवारतेची तपासणी सकाळी मैदान मोकळे असताना करून भागत नाही. गर्दी जमल्यावर ती पुन्हा करावी.

तिसरा विचार हिशेबाचा, आणि येथे वाणिज्यवाल्याला थोडे बरे वाटते. एकापेक्षा जास्त माइक एकत्र चालू असले की त्यांच्या लहरी मिसळून नव्या लहरी तयार होतात. त्यांतील त्रासदायक लहर काढण्याचे सूत्र सोपे आहे : एकीची दुप्पट करून तीतून दुसरी वजा करा. समजा, तीन माइक ८६५.४, ८६५.८ आणि ८६६.२ वर लावले. दिसायला मांडणी नीटस आहे. पण ८६५.८ ची दुप्पट १७३१.६, त्यातून ८६५.४ वजा केल्यास उरतात ८६६.२. म्हणजे पहिल्या दोघांनी मिळून तिसऱ्याच्याच घरात गोंगाट केला! त्याऐवजी ८६५.३, ८६५.७ आणि ८६६.३ घ्या. आता अशी कोणतीही वजाबाकी किंवा दोघांच्या बेरजेतून तिसरा वजा केला तरी उत्तर कोणत्याही माइकपासून निदान ०.२ मेगाहर्ट्‌झ दूर राहते. तात्पर्य, माइकांमधली अंतरे समान ठेवू नयेत.

कागदावरचा हिशेब जागेवर पडताळून पाहावा. एक माइक बंद ठेवून बाकीचे सर्व चालू करावेत आणि बंद माइकच्या रिसीव्हरवर काही ऐकू येते का, ते हेडफोनने ऐकावे. प्रत्येक माइकसाठी हे आळीपाळीने करावे. कोणती वारंवारता कोणाला दिली, हे वहीत लिहून ठेवावे.

शेवटी एक गोष्ट. व्यापारी सगळी रक्कम एका खात्यात ठेवत नाही. जो आवाज पुन्हा मिळणार नाही, तो केवळ हवेवर सोपवू नये. शक्य तेथे तारेचा माइक लावावा, किंवा गायकाच्या अनुमतीने त्याच्या खिशात एक छोटा रेकॉर्डर ठेवावा. ती अनुमती मात्र सर्वांत आधी घ्यावी. मोकळी वारंवारता सरकारने आपल्याला दिलेली आहे; परंतु गाणे त्यांचे आहे, आणि ते टिपण्याचा परवाना त्यांच्याकडूनच मिळतो.