अमोलला पत्र: फौजेनंतरचं नर्सिंग

वाशीम



2027 च्या सुरुवातीला तुझी अग्निवीराची चार वर्षं पुरी होतील आणि त्यानंतर तुला नर्सिंगची पदवी घ्यायची आहे, हे ताईने सांगितलं. ती थोडी खट्टू आहे. मला मात्र फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली, तेव्हा या बाबतीत दोन शब्द सांगायचा हक्क मला आहे असं समजून लिहिते.

एक गोष्ट आधीच मनातून काढून टाक. वर्दी अंगावर होती म्हणून नर्सिंगला कुणी सवलत देईल, असं होत नाही. अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही, पेन्शन नाही. त्यामुळे माजी सैनिकांच्या कोट्यावर भिस्त ठेवू नकोस. नोकरीत असताना इग्नूची जी पदवी मिळते, तिच्यातले निम्मे क्रेडिट फौजेतल्या प्रशिक्षणाचे धरतात. पदवी म्हणून ती चांगलीच आहे, पण तिच्यावर नर्स होता येत नाही. नर्स व्हायचं तर नर्सिंग परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम पूर्ण वेळ कॉलेजात जाऊन करायचा आणि मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवायचं. दुसरी वाट नाही.

तुझं बारावीला बायॉलॉजी होतं, हे तुझं नशीब. बी. एस्सी. नर्सिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी हे विषय आणि खुल्या गटाला सरासरी 45 टक्के लागतात. तुझ्यासोबतचा तो मालेगावचा मुलगा दहावीवर भरती झाला ना, त्याला आवर्जून सांग. मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची, बारावी त्याला नोकरीत करता येते. पण तिच्यात हे विषय घेतले नाहीत तर त्या दाखल्यावर बी. एस्सी. नर्सिंगचा फॉर्मही भरता यायचा नाही. विषय निवडताना चुकलं की पुढची दोन वर्षं वाया जातात.

मग प्रवेशाची सीईटी. 100 प्रश्न, 90 मिनिटं; चारही विषयांचे वीस-वीस आणि उरलेले वीस नर्सिंगच्या कलचाचणीचे. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. बारावीची पुस्तकं पुढच्या सुट्टीत घेऊन जा आणि रोज रोल कॉलनंतर एक तास बस. इंग्रजीकडे जास्त लक्ष दे. पहिल्याच सेमिस्टरला शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र इंग्रजीतून येतं आणि मराठी शाळेतली आपली हुशार मुलंही तिथेच घाबरतात. डिस्चार्जची तारीख पुढेमागे झाली तर परीक्षेला यायला सुट्टी हवी. त्या वर्षीच्या 30 दिवसांतली थोडी राखून ठेव.

आता पैशाचं. सेवा निधीचे 11 लाख 71 हजार हातात पडतील. त्यातले पाच लाखांवर तुझ्याच पगारातून दरमहा 30 टक्के कापून गेलेले आहेत, तेवढेच सरकारने घातलेत आणि वर व्याज. त्या रकमेवर आत्ताच घरात बोलणी सुरू आहेत, मला ठाऊक आहे. ट्रॅक्टर, घराचा स्लॅब, पिंकीचं लग्न. कुणाचं मन दुखवू नकोस, पण पैसे खात्यात आले की आठवड्याच्या आत चार मुदत ठेवी कर. पहिली त्याच जुलैत सुटावी, बाकीच्या पुढच्या तीन जुलैंना. फी, होस्टेल, मेस त्यातूनच भागव. सोयाबीनचा भाव पडला की घरून पैसे येणार नाहीत, हे गृहीत धरून चाल. महाडीबीटीवरून फीची सवलत मिळेल, पण त्यासाठी जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेयर हवं. भाऊजींना सांग, आजोबांची 1967 च्या आधीची शाळेची नोंद किंवा कोतवाल बुकाची नक्कल आत्ताच काढून ठेवा. ॲडमिशनच्या तोंडावर तहसीलला खेटे घालणारी पोरं मी दरवर्षी बघते.

जीएनएमचा डिप्लोमा करू का, असंही तू ताईला विचारलंस म्हणे. ते तीन वर्षांत होतं हे खरं. पण एम्सच्या भरतीला बी. एस्सी.वाला नोंदणी झाली की लगेच बसतो. जीएनएमवाल्याला आधी दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्यात एम्समध्ये 80 टक्के जागा महिलांना आहेत, पुरुषांना 20. सैन्याची नर्सिंग सर्व्हिसही मुलींचीच. जागा थोड्या आहेत, म्हणून तुझी पदवी पक्की हवी. चार वर्षंच घाल.

कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस, हॉस्पिटल बघ. दुपारी चार वाजता वॉर्डात जाऊन खाटांवर पेशंट आहेत का ते मोज. पेशंटच नसलेल्या हॉस्पिटलात हात तयार होत नाहीत. 2024 मध्ये आपल्या वाशीमला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, आता जिल्ह्यात शिकलेल्या नर्सेस लागणारच.

आणि काम कसलं असतं, तेही ऐक. सोयाबीनच्या सोंगणीत साप चावलेला माणूस रात्री येतो. डॉक्टर तपासतात, पण कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत त्याचं दोन मिली रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची, हे तुझं काम. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली चालत नाही. वीस मिनिटांनी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष रक्तात उतरलं. मग औषधाच्या दहा कुप्या. आतली पूड हळूहळू फिरवत विरघळवायची. घाईने हलवली तर फेस होतो. सलाइन सुरू झाल्यावर तू खाटेजवळून हलायचं नाहीस. अंगावर गांध्या उठतात का, श्वास लागतो का, पापण्या जड होतात का, हे बघायचं. ॲड्रिनलिन आधीच भरून हाताशी ठेवायचं. बाहेर त्याची बायको दर पाच मिनिटांनी विचारत असते, तिलाही उत्तर द्यायचं.

पहाऱ्यावर जागायची, ठरल्या वेळी ठरलेलं काम करायची आणि घाबरलेल्या माणसाजवळ शांत उभं राहायची सवय तुला आहे. वर्गातल्या अठरा वर्षांच्या मुलींना ती शिकायला दोन वर्षं लागतात. उलट त्यांचं पाठांतर ताजं असेल. त्यांच्याकडून नोट्स मागायला लाजू नकोस. गावात कुणी बायकांचं काम म्हणून हिणवलं तर म्हणू दे. दारू प्यायलेल्या, दोन जणांना न आवरणाऱ्या पेशंटला सांभाळायला वॉर्डात सगळे ब्रदरलाच हाक मारतात. एकट्या म्हाताऱ्या पुरुषाला अंघोळ घालायची तर त्यालाही ब्रदरच बरा वाटतो.

पुढे फौजेत कायम ठेवतात त्या 25 टक्क्यांत तुझं नाव आलं तर निर्णय तुझा, मी आग्रह धरणार नाही. पण अभ्यास आणि कागद दोन्ही आजपासून सुरू कर. दहावी-बारावीच्या मार्कशीट, टीसी, अधिवास प्रमाणपत्र यांचे फोटो मला पाठव. काय कमी आहे ते मी बघून सांगते. ताईशी बोलायचं माझ्यावर सोड. पुढच्या सुट्टीत एक दिवस मोकळा ठेव, आपण अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात जाऊन येऊ.

तुझी,
मावशी